डायलिसिस आणि रक्तातलं सेरोटोनिन : प्रस्तावना

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. घरातला माणूस गप्प गप्प झालेला असतो. अन्नावरची वासना उडालेली, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, नातवंडं अंगाखांद्यावर आली तरी चेहरा हलत नाही. मुलाने किंवा सुनेने कुठेतरी वाचलेलं असतं, की सेरोटोनिन हे आनंदाचं रसायन आहे आणि ते कमी झालं की माणूस खचतो. मग प्रश्न येतो : दर महिन्याला बाबांचं क्रिएटिनिन तपासता, पोटॅशियम तपासता, हिमोग्लोबिन तपासता, मग एकदा सेरोटोनिनही तपासून घेऊ या का?

प्रश्न रास्त आहे. त्यामागची काळजी खरी आहे आणि शास्त्रीय तथ्याचा एक धागाही त्यात आहे, कारण मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या रक्तातलं सेरोटोनिन खरोखरच बदलतं. पण त्या बदलावरून माणूस किती खचला आहे हे कळत नाही. त्यातून आतड्याबद्दल कळतं, प्लेटलेटबद्दल कळतं, आणि मूत्रपिंडाने करायचं जे काम आता कोणीच करत नाही त्याबद्दल कळतं. मनाची विचारपूस करण्यासाठी रक्ताची नळी पाठवावी लागत नाही. ती माणसालाच करावी लागते. हे पुस्तक या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवण्यासाठी लिहिलं आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यासाठी ते आहेच, पण डायलिसिस युनिटमधल्या सिस्टर, टेक्निशियन आणि लहान गावांतल्या प्रयोगशाळा चालवणारे सहकारी हेही लिहिताना सतत डोळ्यांसमोर होते.

सेरोटोनिनचा इतिहास थोडा विस्ताराने सांगायला हवा. या रेणूचा शोध रक्ताच्या आणि रक्तदाबाच्या अभ्यासातून लागला. मेंदू त्यात उशिरा आला, आणि आल्यावर त्याने बाकी सगळं झाकोळून टाकलं.

आयर्विन पेज हे अमेरिकेतले रक्तदाबाचे संशोधक. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीला चिमटा लावून त्याचा रक्तदाब वाढवून दाखवला होता. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी झाला की रक्तात असं काहीतरी तयार होतं ज्याने रक्तवाहिन्या आकसतात, हे त्यातून सूचित होत होतं. ते काहीतरी शोधण्यामागे पेज यांनी अनेक वर्षं घालवली. आज आपण ज्याला अँजिओटेन्सिन म्हणतो, त्याच्या शोधात त्यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. या कामात त्यांना एक अडचण सतत छळत होती. रक्त गोठू दिलं आणि वरचं पिवळसर सीरम घेतलं, की त्यात रक्तवाहिन्या आकसवणारा आणखी एक पदार्थ हमखास सापडायचा. उच्च रक्तदाब असो वा नसो, कोणाच्याही सीरममध्ये तो असायचा आणि प्रयोग बिघडवायचा. पेज १९४५ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये आले. तिथे मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांच्यासह त्यांनी हा अडथळा एकदाचा ओळखून बाजूला काढायचं ठरवलं. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या रक्ताचं शेकडो लिटर सीरम गाळून, आटवून, शुद्ध करून १९४८ मध्ये त्यांनी काही मिलिग्रॅम स्फटिक हाती आणले. त्या पदार्थाला त्यांनी सेरोटोनिन असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रचना सांगितली : ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामीन.

त्याआधी दहा-बारा वर्षं इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींचा अभ्यास करत होते. या पेशींमधल्या, स्नायू आकुंचित करणाऱ्या पदार्थाला ते एंटेरामीन म्हणत. १९५२ मध्ये स्पष्ट झालं की एंटेरामीन आणि सेरोटोनिन हा एकच रेणू आहे. आतड्यात बनणारा आणि रक्तात सापडणारा. मेंदूचा संबंध कळला तो १९५३ मध्ये, बेटी ट्वॅरॉग आणि पेज यांच्या निबंधातून. सस्तन प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांत आणि लघवीत सेरोटोनिन किती असतं, हे त्यात मोजलं होतं. त्या अवयवांत मेंदूही होता, आणि त्यातही ते सापडलं. पुढच्या काळात सगळ्या जगाचं लक्ष या एका निष्कर्षावर खिळलं.

आणखी एक योग इथे नोंदवायला हवा, कारण या पुस्तकाचे दोन्ही विषय त्यात एकत्र येतात. कृत्रिम मूत्रपिंड पहिल्यांदा माणसावर यशस्वीपणे वापरणारे विलेम कोल्फ हे डच डॉक्टर. १९४३ मध्ये, नेदरलँड्स जर्मन अमलाखाली असताना, काम्पेन या छोट्या गावातल्या इस्पितळात त्यांनी फिरत्या पिंपाचं यंत्र उभं केलं. पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळलेली होती, सॉसेजचं वेष्टन म्हणून वापरतात तीच. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्ध बाई त्या यंत्रामुळे वाचली. हेच कोल्फ १९५० मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रुजू झाले. म्हणजे ट्वॅरॉग मेंदूतलं सेरोटोनिन मोजत होत्या त्या वर्षांत डायलिसिसचे जनक त्याच संस्थेत काम करत होते. सेरोटोनिन आणि डायलिसिस या दोन्ही विषयांचं एक महत्त्वाचं पान एकाच ठिकाणी लिहिलं गेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता रक्ताकडे वळू. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. डाळी, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमधून मिळणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्याचा कच्चा माल. आतड्यातल्या पेशी त्यापासून सेरोटोनिन बनवतात. त्याचा बराचसा भाग आतड्याच्या हालचालीसाठी तिथेच वापरला जातो आणि उरलेला रक्तात उतरतो. रक्तात उतरलेलं सेरोटोनिन मोकळं फार वेळ राहत नाही. काही यकृतात आणि फुप्फुसात मोडलं जातं, बाकीचं प्लेटलेट शोषून घेतात. प्लेटलेटला स्वतः सेरोटोनिन बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती रक्तातून ते उचलत राहते आणि आपल्या आतल्या दाट कणांमध्ये साठवते. जखम झाली की हे कण रिकामे होतात, रक्तवाहिनी आकसते, शेजारच्या प्लेटलेट जमा होतात आणि रक्तस्राव थांबायला मदत होते. पेज यांच्या सीरममध्ये हा पदार्थ हमखास का सापडायचा, याचं उत्तर इथे मिळतं : रक्त गोठताना प्लेटलेट आपला साठा ओतत होत्या.

मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारं विकरही आतड्यातल्यापेक्षा वेगळं आहे, हे २००३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. हे एक वाक्य वाचकाने ध्यानात ठेवलं, तर पुढची अर्धी गुंतागुंत आपोआप सुटेल.

सेरोटोनिन 'रक्तात किती' असं विचारलं, तर आधी विचारावं लागतं : रक्तात कुठे? संपूर्ण रक्तात मोजलं तर निरोगी माणसात एका मिलिलिटरला साधारण ५० ते २०० नॅनोग्रॅम सापडतं, आणि हे जवळजवळ सगळं प्लेटलेटच्या पोटातलं असतं. प्लेटलेट काळजीपूर्वक बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मात मोजलं तर ते त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ, ५-हायड्रॉक्सीइंडोल ॲसेटिक आम्ल. प्रयोगशाळेत त्याला ५-एचआयएए म्हणतात. तो मूत्रपिंडावाटे बाहेर जातो. या तिन्ही आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावला की गोंधळ होतो, आणि या विषयावरच्या छापील निबंधांतही तो पुष्कळ झाला आहे.

माझं आयुष्य रक्ताच्या नमुन्यांमध्ये गेलं आहे, म्हणून मोकळ्या सेरोटोनिनच्या मोजणीबद्दल थोडं जास्त लिहिते. प्लेटलेट अतिशय हळव्या असतात. शीर बारीक असली, पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, सिरिंजने जोर लावून रक्त ओढलं, नळी जोरात हलवली, बर्फात ठेवायला उशीर झाला, तर काही प्लेटलेट उघडतात. शंभरातल्या एक-दोन उघडल्या तरी प्लाझ्मातला आकडा दुप्पट-तिप्पट होतो. वेगवेगळ्या संशोधनांत निरोगी माणसांच्या प्लाझ्मातले आकडेसुद्धा एकमेकांपासून शंभरपटीने दूर आहेत, ते याच कारणाने. त्या फरकाचं खापर माणसांच्या प्रकृतीवर फोडता येत नाही, दोष नमुना घेण्याच्या रीतीत आहे. डायलिसिसच्या रुग्णात तर आणखी प्रश्न येतात. नमुना फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या शिरेच्या, सुईतून घेतला की दुसऱ्या हाताच्या शिरेतून? हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देण्याआधी की नंतर? मशीन सुरू होण्यापूर्वी, की रक्त डायलायझरमधून दोन तास फिरून आल्यावर? आधीचं डायलिसिस परवा झालं होतं की चार दिवसांपूर्वी? ही माहिती ज्या अहवालात नाही, त्यातल्या आकड्यावरून मी स्वतः काही ठरवणार नाही.

एवढी सावधगिरी बाळगूनही मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांमध्ये एक ढोबळ चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. पोलंडमधल्या बियालिस्तोक शहरातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून यावर चिकाटीने काम केलं आहे, इतर देशांतूनही अभ्यास झाले आहेत. प्लेटलेटमधला साठा अनेकदा कमी आढळतो. प्लाझ्मातलं मोकळं सेरोटोनिन अनेकदा वाढलेलं असतं. आणि ५-एचआयएए कितीतरी पटींनी चढलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टींबाबत सगळे अभ्यास एकमताचे नाहीत. तिसरीबाबत शंकेला जागा नाही, कारण जो पदार्थ लघवीवाटे जायचा त्याला वाटच उरलेली नसते.

साठा कमी का होतो? रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्लेटलेटची सेरोटोनिन उचलण्याची आणि धरून ठेवण्याची क्षमता बिघडते. त्याच वेळी त्या अर्धवट चेतलेल्या अवस्थेत राहतात आणि वेळेआधीच साठा सोडत राहतात. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास रक्त शरीराबाहेर नळ्यांतून आणि डायलायझरच्या पडद्यावरून फिरतं. परक्या पृष्ठभागाला स्पर्श झाला की प्लेटलेट चिडते, हा तिचा धर्मच आहे. अशा थकलेल्या, अर्ध्या रिकाम्या प्लेटलेट जखमेच्या वेळी कमी पडतात. प्लेटलेटचा काउंट नॉर्मल असूनही डायलिसिसच्या रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त येतं, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं, फिस्टुलातली सुई काढल्यावर बोटाने बराच वेळ दाबून धरावं लागतं. यात हेपारिनचा वाटा असतो आणि रक्त कमी असण्याचाही. लाल पेशी पुरेशा असल्या की त्या प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे सारतात. म्हणून एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन सुधारलं की रक्तस्रावाची ही खोडही कमी होते. 'काउंट तर दीड लाखावर आहे, मग रक्त का थांबत नाही?' या प्रश्नाचं उत्तर काउंटमध्ये नसून प्लेटलेटच्या आत काय शिल्लक आहे, यात आहे.

मग मशीन सेरोटोनिन काढून टाकतं का? रेणू लहान आहे, त्याचं वजन १७६. क्रिएटिनिनचं ११३ आहे आणि ते सहज निघून जातं. पण सेरोटोनिनचा साठा प्लेटलेटच्या आत बंद असतो आणि प्लेटलेट डायलायझरच्या छिद्रातून जात नाही. म्हणून 'डायलिसिसमध्ये आनंदाचं रसायन धुऊन जातं' हा समज साफ चुकीचा आहे. ५-एचआयएए मात्र बऱ्यापैकी निघतं, आणि पुढच्या डायलिसिसपर्यंत पुन्हा साचतं.

या ५-एचआयएएवरून एक व्यावहारिक इशारा. आतड्यातल्या कार्सिनॉइड नावाच्या गाठी भरमसाट सेरोटोनिन बनवतात, आणि त्यांच्या निदानासाठी चोवीस तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए मोजतात. चाचणीआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांत सेरोटोनिन असतंच. डायलिसिसच्या रुग्णाला पुष्कळदा मुळात चोवीस तासांची लघवी उरलेली नसते. रक्तात तपासलं तर आकडा गाठ नसतानाही चढलेला येतो. क्रोमोग्रॅनिन-ए या दुसऱ्या चाचणीचंही तेच. मूत्रपिंडाचा आजार विचारात न घेता असे अहवाल वाचले, तर निष्कारण स्कॅन होतात, आणि आधीच पिचलेल्या कुटुंबावर कॅन्सरच्या भीतीचं सावट पसरतं.

ट्रिप्टोफॅनच्या वाटांना पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. शरीरात आलेल्या ट्रिप्टोफॅनचा अगदी लहानसा हिस्सा सेरोटोनिनकडे जातो. मोठा हिस्सा यकृतात आणि इतर पेशींत कायन्युरेनिन नावाच्या वाटेने मोडला जातो, आणि अंगात सूज-दाह असला की ही वाट आणखी रुंद होते. डायलिसिसच्या रुग्णात तो दाह सतत धुमसत असतो. तिसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची. ते ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं, आणि ते मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं असतं. ते टाकलं गेलं नाही की रक्तात अल्ब्युमिनला चिकटून बसतं. डायलायझरला ते फारसं काढता येत नाही, आणि त्याचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो. एकाच अमिनो आम्लातून एक उपयोगी रेणू आणि एक विष अशा दोन्ही गोष्टी निघतात, आणि मूत्रपिंड थांबल्यावर पारडं विषाकडे झुकतं.

इथे आहाराचा मुद्दा येतो. आपल्याकडे मूत्रपिंडाचा आजार म्हटला की डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद, असा सल्ला शेजारीपाजारीही देतात. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिनं मोजून खावी लागतात, हे खरं. पण डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलटते. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, शिवाय प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात. जुनं पथ्य तसंच चालू ठेवणारी किती माणसं वर्षभरात वाळून जातात, हे कोणत्याही युनिटमध्ये दिसतं. सेरोटोनिन वाढावं म्हणून कोणी जास्त खाऊ नये, तसं काही होतही नाही. स्नायू टिकावेत, अल्ब्युमिन टिकावं, जंतुसंसर्गाशी लढता यावं म्हणून खायचं आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळून काय आणि किती, हे आहारतज्ज्ञांना विचारून.

आता मनाकडे येते. सेरोटोनिन आणि उदासी यांची गाठ बांधली गेली, तिचा एक धागा मुंबईतून जातो. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. आपल्या वैद्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक असलेली ही मुळी त्या निबंधाने जगभरच्या डॉक्टरांपुढे आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं करण्यात आलं आणि ते देशोदेशी रक्तदाबासाठी दिलं जाऊ लागलं. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५५ मध्ये अमेरिकेत लक्षात आलं की रिसर्पिन मेंदूतला आणि प्लेटलेटमधलाही सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. ते घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशाही नोंदी येत होत्या. या दोन निरीक्षणांची सांगड घालून उदासी म्हणजे अशा रसायनांची कमतरता, हा विचार रुजला. तो एक तर्क होता. पुढे तो जाहिरातींतून आणि लोकप्रिय लेखांतून सिद्ध सत्यासारखा पसरला. २०२२ मध्ये तोवरच्या पुराव्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांत जोरदार वाद झाले. औषधं उपयोगी आहेत की नाहीत हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्या आढाव्याने तो सोडवलेला नाही.

रक्तातला आकडा मनाचं माप का होऊ शकत नाही, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मला औषधांमध्येच दिसतो. सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन यांसारखी औषधं सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारं दार बंद करतात. प्लेटलेटवरही तेच दार आहे. ते बंद झालं की नव्या प्लेटलेट सेरोटोनिनविना फिरतात, आणि काही आठवड्यांत संपूर्ण रक्तातली पातळी एकदम खाली येते. माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं, झोप येऊ लागलेली असते, आणि रक्तातलं सेरोटोनिन मात्र तळाला गेलेलं असतं. ज्या कुटुंबाने आकड्यावर भरवसा ठेवला असेल, ते अशा वेळी औषध बंद करायला धावेल. दुसरीकडे, ज्याच्या प्लेटलेट आधीच अर्ध्या रिकाम्या आहेत आणि ज्याला दर खेपेला हेपारिन मिळतं, त्याला हे औषध सुरू करताना डॉक्टर रक्तस्रावाकडे जास्त लक्ष का देतात, हेही यावरून कळेल.

ही औषधं मूत्रपिंडाच्या रुग्णांत कितपत उपयोगी पडतात? २०१७ मध्ये अमेरिकेत डायलिसिसपूर्वीच्या अवस्थेतल्या २०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सर्ट्रालीन आणि औषध नसलेली गोळी यांत १२ आठवड्यांनंतर फरक दिसला नाही. २०१९ मध्ये डायलिसिसवर असलेल्या १२० रुग्णांवरची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाला सर्ट्रालीन दिलं आणि दुसऱ्याला समुपदेशन, तेही डायलिसिस चालू असताना खुर्चीशेजारी बसून. दोन्ही गटांची उदासी उतरली, सर्ट्रालीनच्या गटाची थोडी जास्त, पण त्या गटात दुष्परिणामही अधिक होते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती खुर्चीशेजारच्या समुपदेशनाची. आठवड्यातून कित्येक तास जो माणूस एका जागी पडून असतो, त्याच्याशी कोणीतरी शिस्तीने, ठरवून बोलू शकतं, हे तिथे करून दाखवलं गेलं.

एका धोक्याचा उल्लेख इथेच करते. सर्ट्रालीनसारखं औषध चालू असताना दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, किंवा कॅथेटरच्या जंतुसंसर्गासाठी लिनेझोलिड दिलं गेलं, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. ट्रॅमाडॉल तर मूत्रपिंडं बंद असताना शरीरात जास्त काळ रेंगाळतं. थरथर, घाम, ताप, जुलाब, पायांचे स्नायू ताठणं, मनाची तगमग, अशी लक्षणं काही तासांत दिसू लागतात. याचंही निदान रक्तातल्या पातळीवरून होत नाही, ते लक्षणं आणि औषधांची यादी पाहून होतं. म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी फाइलच्या पहिल्या पानावर असावी, आणि दुसऱ्या दवाखान्यात जाताना ती बरोबर न्यावी.

डायलिसिसच्या रुग्णांमध्ये उदासी किती आहे, याचे जगभरचे आकडे २०१३ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. प्रश्नावली भरून घेतली तर शंभरात सुमारे ३९ जण उदासीच्या रेषेपलीकडे जातात. तज्ज्ञाने समोर बसून मुलाखत घेतली तर सुमारे २३. दोन आकड्यांमधलं अंतरही समजून घेण्यासारखं आहे. थकवा, झोप न येणं, भूक मरणं, कशात लक्ष न लागणं ही उदासीची लक्षणं आहेत, तशीच युरिया साचल्याचीही आहेत. प्रश्नावलीला तो फरक कळत नाही. समोर बसलेल्या माणसाला विचारपूस करून तो कळतो.

आणि आपल्याकडे खचायला कारणं कमी नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस हवं असताना पुष्कळांना ते दोनदाच परवडतं. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे, त्याने पुष्कळ कुटुंबं तगली. पण पहाटेची एसटी, बरोबर येणाऱ्याचा बुडालेला रोजगार, भर उन्हाळ्यात मोजून प्यायचं पाणी, रात्रभराची खाज, पायांत येणारे गोळे, मशीनवर बीपी खाली गेल्यावर डोळ्यांपुढे येणारी अंधारी, हे सगळं योजनेबाहेरच राहतं. असा माणूस गप्प झाला तर त्याच्या रेणूंआधी त्याच्या दिवसाकडे पाहायला हवं. डायलिसिस पुरेसं होतंय का, कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, नीट ठरवलंय का, हिमोग्लोबिन किती आहे, खाज आणि झोप यांवर काही केलंय का, घरी पैशांचं काय चाललंय? यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात, आणि सुधारल्या की पुष्कळदा माणूस पुन्हा बोलू लागतो. तरीही उरणारं नैराश्य खरं असतं. 'एवढ्या मोठ्या आजारात वाईट वाटणारच' असं म्हणून ते सोडून देणं मला मान्य नाही. त्यावर उपचार आहेत, आणि ते मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

महिन्याच्या रक्ततपासणीच्या दिवशी सिस्टरने दोन प्रश्न विचारावेत, अशी या पुस्तकातली माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? मन उदास, निराश असं किती दिवस होतं? जगभर वापरले जाणारे हेच ते दोन प्रश्न. उत्तर 'बरेच दिवस' असेल तर पुढची प्रश्नावली, मग डॉक्टर, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. 'आता मशीनवर जायचंच नाही' असं कोणी म्हणालं, तर त्याच दिवशी, शांतपणे, आणखी विचारावं. गावात तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात सेरोटोनिनचा आतड्यापासून मूत्रपिंडापर्यंतचा प्रवास आहे, दुसऱ्यात डायलिसिसच्या रुग्णांवरचे अभ्यास तपासून पाहिले आहेत, तिसऱ्यात उदासी, झोप, खाज आणि औषधं. रुग्णांनी आणि घरच्यांनी तिसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तर काही अडणार नाही, पुढेमागे जाता येईल अशाच बेताने तो लिहिला आहे. शेवटचं परिशिष्ट टेक्निशियन आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसाठी आहे. संशोधनासाठी सेरोटोनिनचा नमुना घ्यायचाच झाला तर तो केव्हा, कोणत्या शिरेतून, कोणत्या नळीत घ्यायचा, किती मिनिटांत बर्फात ठेवायचा, सेंट्रिफ्यूज किती वेगाने फिरवायचं, आणि नळीवरच्या चिठ्ठीत डायलिसिसची वेळ व हेपारिनचा डोस कसा नोंदवायचा, हे त्यात पायरीपायरीने दिलं आहे. ते पान फाडून भिंतीवर लावलं तरी माझी हरकत नाही.